व्हिडिओ गेममधील योगासनांचे गुण वाढत आहेत. आसनही सुधारते आहे असे समजावे का?

प्रश्न

नमस्कार. गेले चार महिने मी घरी व्हिडिओ गेमच्या साहाय्याने योगासनांचा सराव करीत आहे. वर्गाला जाण्याइतका सलग वेळ मिळत नाही आणि नुसते चित्रित धडे पाहून आसने केली तर आपले कुठे चुकते हे सांगणारे कोणीच नसते, म्हणून हा मार्ग निवडला. माझ्याकडे दोन साधने आहेत. पहिल्या जुन्या साधनात दाब ओळखणाऱ्या पाटीवर उभे राहून पडद्यावरचा ठिपका वर्तुळात ठेवायचा असतो. दुसऱ्या, त्यामानाने नव्या साधनात हातात कडे धरायचे आणि मांडीला पट्टा बांधायचा असतो.

सुरुवातीला वृक्षासनात ठिपका सारखा वर्तुळाबाहेर जाई. आता उजव्या पायावर जवळजवळ पूर्ण गुण मिळतात आणि डाव्या पायावरही फारसे कमी पडत नाहीत. मात्र गेल्या तीन आठवड्यांपासून सराव संपल्यावर उजव्या गुडघ्याच्या मागच्या बाजूला ताण जाणवतो. शिवाय आसन सोडताच मी मोठा सुस्कारा टाकते, हे माझ्या मुलीने लक्षात आणून दिले. याचा अर्थ आसन चालू असताना मी नकळत श्वास रोखून धरत असले पाहिजे. खेळ यातल्या कशाबद्दलच काही बोलत नाही; तो गुण देतो आणि अभिनंदन करतो.

माझे म्हणणे असे की गुण चढते असताना शरीर जर तक्रार करीत असेल, तर विश्वास कोणावर ठेवायचा? ही साधने नेमके काय पाहतात आणि काय पाहत नाहीत, हे जाणकारांनी समजावून सांगावे. दुसरे असे की माझ्या सासूबाईंना (वय ६८) माझा सराव पाहून उत्साह आला आहे. त्यांना तोल सुधारण्यासाठी हे सुरू करू द्यावे का?

उत्तर १ (हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरांवर काम करणारा)

प्रश्न फार नेमका विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या सगळ्या साधनांबद्दल एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी: यांतले कोणतेही साधन आसन पाहत नाही. आसनाची एखादी खूण पाहते आणि त्या खुणेवरून अंदाज बांधते.

पाटीचे उदाहरण घेऊ. वी फिट हा खेळ जपानमध्ये डिसेंबर २००७ मध्ये आणि इतरत्र २००८ मध्ये आला. त्याच्या बॅलन्स बोर्डला चार कोपऱ्यांत चार दाबमापक आहेत. चारही कोपऱ्यांवर किती भार पडतो यावरून एकूण वजन कळते आणि त्या भाराचा केंद्रबिंदू पाटीवर कुठे आहे ते काढता येते. पडद्यावरचा लाल ठिपका म्हणजे हाच केंद्रबिंदू. हे मोजमाप कच्चे आहे असे मात्र समजू नये. प्रयोगशाळेतील महागड्या बलमापक पाटीशी तुलना करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उभे असतानाचा तोल मोजण्यासाठी ही पाटी विश्वासार्ह ठरली होती, आणि त्यानंतर आजार-दुखापतीनंतरच्या पुनर्वसनाच्या क्षेत्रात तिचा बराच उपयोग झाला. अडचण वेगळीच आहे. तळपायाच्या वर काय चालले आहे याची पाटीला काहीही माहिती नसते. गुडघा किंचित सैल आहे की मागे ढकलून कुलूप लावल्यासारखा ताठ केला आहे, कंबर एका बाजूला कलली आहे का, खांदे कानांपर्यंत चढले आहेत का, हे सारे वेगवेगळे असूनही भाराचा केंद्रबिंदू त्याच जागी राहू शकतो.

श्वासाबाबत तर याहून महत्त्वाची गोष्ट आहे. आपण श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोट हलते, आणि त्याबरोबर उभ्या शरीराचा तोल किंचित झुलतो. हे अगदी स्वाभाविक आहे. श्वास रोखला की हे झुलणे थांबते आणि ठिपका अधिक शांत दिसू शकतो. गुण ठिपक्याच्या शांततेवर अवलंबून असल्यामुळे, कोणाच्या मनात नसताना श्वास रोखण्याला बक्षीस मिळत जाते. तुमच्या मुलीने टिपलेली गोष्ट म्हणूनच मला मुळीच आश्चर्याची वाटली नाही. तुमचे शरीर चार महिन्यांत गुण मिळवायला शिकले आहे, आणि त्यासाठी त्याने सर्वांत सोपा रस्ता शोधला आहे.

कड्याचे साधन वेगळ्या तत्त्वावर चालते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या रिंग फिट अॅडव्हेंचरमध्ये एक जॉय-कॉन (हालचाल ओळखणारा छोटा नियंत्रक) कड्यात आणि दुसरा डाव्या मांडीवरच्या पट्ट्यात बसवतात. कडे किती दाबले वा ताणले, ते कोणत्या दिशेला कलले, आणि डावी मांडी जमिनीशी कोणता कोन करते, एवढेच त्याला कळते. उत्कटासन, वृक्षासन, वीरभद्रासन, नौकासन अशी आसने त्यात हिरव्या रंगाच्या गटात आहेत. पण वीरभद्रासनात मागचा पाय सरळ आहे की नाही, पुढचा गुडघा आत कोसळतो आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. सराव संपल्यावर कड्यातील सेन्सरवर अंगठा ठेवला तर नाडीचे ठोके मोजले जातात, ही सोय चांगली आहे. मात्र तोही श्वास नव्हे.

तिसरा प्रकार कॅमेऱ्याचा. एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रासाठी २०१० मध्ये आलेला किनेक्ट अवरक्त प्रकाशाने अंतर ओळखून शरीराचे २० सांधे टिपत असे, आणि २०१३ च्या आवृत्तीत ते २५ झाले. त्याचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले. आज फोनच्या साध्या कॅमेऱ्यावर चालणारी प्रणाली शरीरावरचे ३३ बिंदू ओळखू शकते. उभ्या आसनांत हे साधन पाटीपेक्षा पुष्कळ अधिक पाहते. परंतु अर्धमत्स्येंद्रासनासारख्या पिळाच्या आसनात एक हात धडामागे गेला, किंवा भुजंगासनात शरीर कॅमेऱ्याच्या रेषेत आडवे झाले, की झाकलेला सांधा कुठे असेल याचा तो केवळ तर्क करतो. सैल कपडे आणि पाठीमागून येणारा उजेड यांनीही त्याची फसगत होते.

तेव्हा गुणांचा अर्थ त्या त्या सेन्सरपुरता घ्यावा. पाटीवरचे पूर्ण गुण म्हणजे “माझा केंद्रबिंदू अर्धा मिनिट फारसा हलला नाही”, इतकेच. एक व्यावहारिक सूचना: पाटी योगमॅटवर किंवा जाड गालिच्यावर ठेवू नका. कठीण, सपाट जमिनीवर नसेल तर तिचे मोजमापही बिघडते आणि ती डळमळतेही.

उत्तर २ (योगशिक्षिका)

वरील उत्तर वाचून समाधान वाटले, कारण मी शिकवताना जे रोज पाहते त्याचे कारण त्यात सापडले. खेळावर सराव करून वर्गात येणाऱ्या साधकांची तोल राखण्याची क्षमता खरोखर चांगली असते, आणि त्यांच्या पायाची बोटे मात्र जमिनीत रुतवलेली, जबडा आवळलेला आणि श्वास अडलेला असतो.

पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपाद या दुसऱ्या भागातील ४६ व्या सूत्रात आसनाची व्याख्या “स्थिरसुखमासनम्” अशी केली आहे. स्थिर आणि सुख ही दोन्ही पदे तिथे एकत्र आहेत. त्यापुढच्याच सूत्रात हे सुख कसे येते ते सांगताना पहिला शब्द येतो “प्रयत्नशैथिल्य”, म्हणजे प्रयत्न सैल करणे. तुमच्या खेळाने या व्याख्येतील पहिले पद मोजले आहे. दुसरे मोजण्याचे साधन त्याच्याजवळ नाही, आणि ते असावे अशी अपेक्षाही मी करणार नाही. ते काम तुमचे आहे. सुख आहे की नाही हे ओळखण्याची सर्वांत जवळची खूण म्हणजे श्वास: आसनात असताना नाकाने, आवाज न करता, सहजपणे श्वास घेता-सोडता येत असेल तर आसन तुमच्या आवाक्यात आहे. आसन सोडल्यावर सुस्कारा टाकावा लागला, तर ते त्या दिवसापुरते आवाक्याबाहेर गेले होते असे समजावे, मग पडद्यावर कितीही गुण असोत.

गुडघ्याबद्दल. मी तुम्हांला पाहिलेले नाही, त्यामुळे निदान करणार नाही. वृक्षासनात उभ्या पायाचा गुडघा मागे ढकलून ताठ करण्याची सवय मात्र फार मोठ्या प्रमाणावर दिसते, कारण स्नायूंनी पाय धरून ठेवण्यापेक्षा सांध्याला कुलूप लावणे सोपे जाते आणि ठिपका पटकन स्थिर होतो. तेव्हा सारा ताण गुडघ्याच्या मागच्या अस्थिबंधांवर येतो. पुढचे काही दिवस असे करून पाहा: उभ्या पायाचा गुडघा केसभर वाकवा, मांडीच्या पुढच्या स्नायूने गुडघ्याची वाटी हलकेच वर उचलून धरा, आणि भार टाच, अंगठ्याचे मूळ व करंगळीचे मूळ या तीन जागी सारखा वाटा. दुसऱ्या पायाचा तळवा उभ्या पायाच्या गुडघ्यावर मुळीच टेकवू नका. पोटरीवर किंवा मांडीवर टेकवा. तुमचे गुण घसरतील. घसरू द्या. काही आठवड्यांनी ते पुन्हा चढतील, आणि तेव्हा ते तुमच्या स्नायूंचे असतील. ताण कमी झाला नाही, सूज आली किंवा चालताना दुखू लागले, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

नजरेचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून आवर्जून लिहिते. योगात तोलाच्या आसनासाठी नजर एका अचल बिंदूवर ठेवायला सांगतात. खेळात तुम्ही हलणाऱ्या ठिपक्याकडे पाहत असता आणि तो हलला की त्यामागे शरीर दुरुस्त करीत असता. हे शिकण्याचे एक चांगले साधन आहे, पण त्याची सवय लागली तर पडदा बंद केल्यावर तोल जातो. यावर मी साधकांना असे सुचवते की आसन पहिल्यांदा पडद्याकडे पाहून करावे, आणि लगेच दुसऱ्यांदा समोरच्या भिंतीवरील एखाद्या खुणेकडे पाहून, फक्त आवाजावर. दोन्हींत फार फरक पडत असेल तर तोल अजून तुमच्या पायांत उतरलेला नाही.

याच कारणाने मानेचीही काळजी घ्या. त्रिकोणासनात, अधोमुख श्वानासनात किंवा सेतुबंधासनात पडदा पाहण्यासाठी मान वळवणे हे खेळातून होणाऱ्या दुखण्यांचे एक मोठे कारण आहे. अशा आसनांची कृती आधी पूर्ण पाहून घ्यावी, मग पडदा विसरावा. आणि सर्वांगासन एकट्याने, खेळाच्या सांगण्यावरून शिकू नये, हे मी अतिशय कळकळीने सांगते. वी फिटमध्ये काही आसने सुरुवातीला बंद असतात आणि सरावाचा वेळ साठत गेला की एकेक करून खुली होतात. सर्वांगासनही त्यातल्या १५ योगप्रकारांत आहे. साठलेली मिनिटे पाहून तुमच्या मानेची तयारी झाली आहे की नाही हे ठरवता येत नाही. त्यासाठी खांद्याखाली कांबळ्याची घडी घालून देणारा आणि मानेची ठेवण पाहणारा माणूस शेजारी लागतो.

उत्तर ३

माझे मत थोडे वेगळे आहे. योगाचा सराव अंतर्मुख होण्यासाठी असतो. तिथे गुण, क्रमांक, अभिनंदनाचे आवाज आणि कालच्या स्वतःशी स्पर्धा आणली, की जे साधायचे तेच हातातून निसटते. श्वास रोखला जाणे ही मला सेन्सरची मर्यादा वाटत नाही. मोजमापाच्या मागे लागण्याचाच तो परिणाम आहे. प्रश्नकर्तीने साधने बाजूला ठेवून रोज पाचच आसने डोळे मिटून करावीत, असे मी सुचवीन.

उत्तर ४ (योगशिक्षिका)

तुमची चिंता मला मान्य आहे, पण मोजमाप आणि योग यांचे मुळातच वैर आहे असे मला वाटत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि उड्डियान व नौली (पोट आत खेचण्याची व पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया) करताना शरीराच्या आतील दाब कसा बदलतो हे दाबमापक आणि क्ष-किरण वापरून तपासले. ते निष्कर्ष प्रसिद्ध करण्यासाठी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही काढले. त्यांनी क्रिया आधी परंपरेप्रमाणे साधली आणि नंतर तिच्यात काय घडते ते मोजले. खेळात हा क्रम उलटा होतो, मोजमाप आधी येते आणि साधना त्याच्या मागून फरफटत जाते. आक्षेप घ्यायचा तर तो या क्रमावर घ्यावा. शिवाय तोलाची आसने डोळे मिटून करण्याचा सल्ला घरी एकट्याने सराव करणाऱ्याला देऊ नये, ही विनंती. डोळे मिटताच तोल झपाट्याने कमी होतो आणि पडण्याचा धोका खरा असतो. डोळे मिटून बसून करण्याच्या आसनांबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत आहे.

उत्तर ५ (फिजिओथेरपिस्ट)

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिले नाही, म्हणून लिहितो.

त्यांचा उत्साह मोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि स्नायूबळ यांवर भर देणारा व्यायाम करावा, कारण त्याने पडण्याचे प्रमाण कमी होते. पाटीवर उभे राहून भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचे सोपे खेळ याला पूरक आहेत, आणि ठिपका समोर दिसत असल्यामुळे कंटाळाही येत नाही.

त्याआधी काही गोष्टी मात्र विचारून घ्या. गेल्या वर्षभरात त्या कधी पडल्या आहेत का? उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते का? रक्तदाबाचे औषध चालू आहे का? काचबिंदू असेल तर डोके हृदयाच्या खाली जाणारी आसने नकोत, कारण त्या स्थितीत डोळ्यांतील दाब वाढतो. हाडे ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणे टाळावे, कारण त्यात मणक्यांच्या पुढच्या भागावर दाब येतो. यांपैकी कशाचेही उत्तर “हो” असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलून मगच सुरुवात करावी.

पाटी जमिनीपासून साधारण ५ सेंटीमीटर उंच असते. ही उंची नगण्य वाटते, पण पडद्याकडे पाहत मागे पाऊल टाकताना वृद्ध माणसे नेमकी तिथेच अडखळतात. म्हणून पाटीच्या एका बाजूला भिंत असावी आणि दुसऱ्या बाजूला न सरकणारी जड खुर्ची असावी. चाकांची खुर्ची चालणार नाही. पायात मोजे नकोत, अनवाणी उभे राहावे. पहिले दोन आठवडे एका पायावर उभे राहण्याचे कोणतेही आसन नको. दोन्ही पायांवर ताडासनात उभे राहून भार सावकाश पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे नेणे पुरेसे आहे. वृक्षासन करायचेच असेल तर दुसऱ्या पायाची बोटे जमिनीला टेकलेली आणि हात खुर्चीवर ठेवून करावे. हाताने आधार घेतल्यावर ठिपक्याचे आकडे निरर्थक होतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे आधार सोडण्याचा मोह होणार नाही. डोळे पूर्ण झाकणारे आभासी वास्तवाचे चष्मे उभ्या आसनांसाठी त्यांना अजिबात देऊ नका.

दोघींसाठी आणखी एक गोष्ट. हा तुमचा पूर्ण व्यायाम आहे असे समजू नका. वी फिट प्लस आणि वी स्पोर्ट्समधील हालचालींना किती ऊर्जा लागते हे जपानमध्ये चयापचय-कक्षात (शरीर किती ऊर्जा खर्च करते हे मोजणाऱ्या बंद खोलीत) मोजले गेले होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश हालचाली हलक्या आणि उरलेल्या मध्यम तीव्रतेच्या निघाल्या. जोरकस म्हणावी अशी एकही नव्हती. योगासनांचा हेतू दम लागणे हा नसतोच, तेव्हा हा त्यांचा दोष नाही. पण आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल हवी असते, आणि त्यासाठी भरभर चालणे किंवा तत्सम काहीतरी वेगळे करावेच लागेल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांची मनापासून आभारी आहे. दहा दिवस थांबून, करून पाहून लिहीत आहे.

गुडघा किंचित सैल ठेवून वृक्षासन केले तेव्हा पहिल्या दिवशी उजव्या पायावरचे गुण जवळजवळ निम्म्यावर आले. मांडी थरथरत होती, म्हणजे इतके दिवस तिने काम केलेच नव्हते. हे पाहून वाईट वाटले, कारण त्या गुणांचा मला अभिमान होता. पण गुडघ्यामागचा ताण पाचव्या-सहाव्या दिवशी जाणवेनासा झाला. आसनात असताना मी आता मनात श्वास मोजते: पाच श्वास पूर्ण झाले की आसन सोडते, खेळाचा वेळ संपलेला असो वा नसो. पडदा न पाहता केलेल्या दुसऱ्या फेरीत डाव्या पायावर अजून दोनदा तरी पाऊल टेकवावे लागते. उजवा पाय बलवान आणि डावा कच्चा असे मी समजत होते, पण पडद्याशिवाय उजवाही कच्चाच आहे.

सासूबाईंना काचबिंदू नाही, परंतु रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि सकाळी उठल्यावर क्वचित अंधारी येते असे त्यांनी विचारल्यावर सांगितले. पूर्वी हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात ठरवली आहे. तोवर त्या खुर्चीत बसून माझे श्वास मोजण्याचे काम करतात आणि मी चौथ्या श्वासाला अडले तर लगेच सांगतात.

उत्तर ६ (योगशिक्षिका)

पाच श्वासांची मर्यादा उत्तम आहे. डाव्या पायावर पाऊल टेकवावे लागते तोवर तिथे तीनच श्वास ठेवा, आणि सुरुवात रोज डाव्या पायाने करा, म्हणजे शरीर ताजे असताना कच्च्या बाजूला वेळ मिळेल. सासूबाईंना बसल्या जागी तुमच्याबरोबर श्वास घेता-सोडता येईल. त्यांनी फक्त तो कुठेही रोखू नये.